'सी ऑफ थीव्हज'मध्ये जहाज राखायचं कसं?

रात्रीचे साडेअकरा वाजले होते. मी पुण्यात माझ्या खोलीत, मामेभाऊ दाभोळला त्याच्या घरी, आणि खेळात आम्ही दोघं डिस्कव्हरी रिज नावाच्या बेटावर खजिना खणत होतो. आमचं छोटं जहाज किनाऱ्याजवळ नांगर टाकून उभं होतं. त्याच्या पोटात अडीच तासांची कमाई. तोफेचा पहिला आवाज आला तेव्हा मला वाटलं, लांब कुठेतरी कोणाची तरी लढाई जुंपलीय. दुसऱ्या आवाजाबरोबर लाकूड फुटल्याचाही आवाज आला आणि भाऊ ओरडला, "ताई, आपलंच जहाज!"

फावडी टाकून आम्ही पळत सुटलो. पोहत जाऊन वर चढेपर्यंत तळमजल्यावर गुडघाभर पाणी झालं होतं. तो फळ्या घेऊन खाली उतरला, मी नांगराचं चाक फिरवायला घेतलं. नांगर अर्धा वर आला असेल नसेल, तोवर समोरच्या जहाजाने वळून पुन्हा दोन गोळे घातले. खालून त्याचा आवाज आला, "आता कमरेपर्यंत आलंय." मग जहाज एका बाजूला कललं आणि आमच्या पेट्या एकेक करून पाण्यावर तरंगायला लागल्या.

त्यानंतर आम्ही कितीतरी वेळ फोनवर बोलत बसलो होतो. आमचा नेम चुकला का, आम्ही हळू पळालो का, असं सगळं उगाळून झालं. शेवटी जे कळलं ते असं : जहाज आमच्या हातून गेलं ते गोळे बसण्याच्या दहा मिनिटं आधी. नांगर टाकून, क्षितिजाकडे एकदाही न बघता दोघंही बेटावर उतरलो, तेव्हा. गोळे बसल्यावर आम्ही जे काही केलं ते सगळं बरोबरच होतं, फक्त त्यासाठी वेळ उरला नव्हता. या खेळात जहाज राखायचं म्हणजे आपल्या पदरात थोडे जास्तीचे सेकंद पाडून घ्यायचे. मी हे सगळं लिहितेय ते याच एका गोष्टीसाठी.

आधी खेळाबद्दल थोडं, ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी. 'सी ऑफ थीव्हज' हा रेअर या ब्रिटिश स्टुडिओचा खेळ 20 मार्च 2018 रोजी एक्सबॉक्स आणि विंडोजवर आला. 2020 मध्ये तो स्टीमवर आला आणि एप्रिल 2024 मध्ये प्लेस्टेशन 5 वर. एकाच समुद्रावर वेगवेगळ्या टोळ्यांची मोजकी जहाजं एकाच वेळी फिरत असतात, आणि प्रत्येक जहाजावर खरी माणसं असतात. बेटांवरून पेट्या, कवट्या, रत्नं गोळा करायची आणि आउटपोस्ट नावाच्या बंदरावर नेऊन विकायची. विकेपर्यंत त्यातलं काहीच तुमचं नसतं. वाटेत कोणीही तुम्हाला बुडवून ते उचलू शकतं, आणि तसं करणं खेळाच्या नियमांत बसतं.

जहाजं तीन प्रकारची. स्लूप एक किंवा दोन जणांसाठी : एक डोलकाठी, दोन तोफा. ब्रिगँटीन तिघांपर्यंत : दोन डोलकाठ्या, चार तोफा. गॅलियन चौघांपर्यंत : तीन डोलकाठ्या, आठ तोफा. तोफा निम्म्या डाव्या बाजूला, निम्म्या उजव्या. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

या खेळात पैशाने ताकद विकत घेता येत नाही, आणि मला तो आवडण्याचं मोठं कारण हेच आहे. सहा वर्षं खेळणाऱ्याची तोफ आणि आज सकाळी खेळ सुरू केलेल्याची तोफ सारखाच मारा करते. सोनं खर्चून शिडांचे रंग बदलता येतात, नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावर, कोरलेली मूर्ती बदलता येते, कपडे बदलता येतात. जहाज काही मजबूत होत नाही. म्हणजे कोणी तुम्हाला बुडवलं, तर त्याला तुमच्यापेक्षा जास्त येत होतं किंवा त्याने तुम्हाला आधी पाहिलं होतं, एवढंच. या दोन्ही गोष्टी शिकता येतात.

हौदाचं गणित

शाळेतलं ते गणित आठवतंय? एक तोटी हौद भरते, दुसरी रिकामा करते, तर हौद किती वेळात भरेल? 'सी ऑफ थीव्हज'मधलं बुडणं म्हणजे तेच गणित आहे, फक्त आपण हौदाच्या आत उभे असतो.

तोफगोळा लागला की जहाजाच्या लाकडाला भोक पडतं. भोकामुळे जहाज लगेच बुडत नाही. त्यातून पाणी येतं, तळमजला भरतो, मग वरचा मजला भरतो, आणि पाणी डेकपर्यंत पोचलं की खेळ संपतो. तुमच्याकडे दोन हत्यारं असतात, फळी आणि बादली. फळीने भोक बुजवलं की भरणारी एक तोटी कायमची बंद. बादलीने पाणी उपसलं की हौद थोडा रिकामा होतो, पण तोट्या चालूच राहतात.

नवीन माणूस इथेच चुकतो. पाणी दिसलं की घाबरून आधी बादली हातात घेतो. चार भोकं उघडी असताना एकटा माणूस कितीही उपसत राहिला, तरी पाणी वाढतच जातं. याच्या उलट चूकही होते : पाणी छातीपर्यंत आलंय आणि हा एकेक भोक शांतपणे बुजवत बसलाय. हिशोब असा करायचा. आधी सगळ्यात खालच्या मजल्यावरची, त्यातली मोठी भोकं धरायची. उरलेल्या तोट्यांपेक्षा आपली बादली जास्त वेगाने चालेल इतकी भोकं बुजली, की थांबायचं आणि उपसायचं. पाणी खाली गेलं की पुन्हा फळी. जास्त जण असतील तर एकाने फक्त बादली धरावी, दुसऱ्याने फक्त फळी, आणि मध्येच अदलाबदल करू नये. फळी ठोकताना काही सेकंद जातात आणि मोठ्या भोकाला जास्त जातात, म्हणून एकाच भोकाशी दोघांनी झटू नये.

वरच्या मजल्यावरची भोकं दिसायला भीतीदायक असतात, पण पाण्याच्या रेषेच्या वर आहेत तोवर त्यांची घाई नसते. धोका वेगळाच आहे. तळात पाणी साचलं की जहाज खाली बसतं, आणि जहाज खाली बसलं की ती वरची भोकंही पाण्याच्या रेषेखाली येतात. मग हौदाच्या तोट्या अचानक दुप्पट होतात. "आत्ता तर बरं चाललं होतं, एकदम कसं बुडलं?" असं ज्यांना वाटतं, त्यांच्या बाबतीत बहुतेक वेळा हेच झालेलं असतं.

बादलीबद्दल आणखी एक. उपसलेलं पाणी नीट बाहेर पडतंय ना, ते पाहा. घाईत भिंतीवर किंवा कठड्यावर फेकलं तर ते परत आतच येतं. स्लूपवर जिन्याच्या वरच्या पायऱ्यांवर उभं राहून पाणी भरायचं आणि वळून कठड्यापलीकडे फेकायचं. ही हालचाल बोटांत बसेपर्यंत करून पाहावी. लढाईच्या वेळी ती आठवावी लागता कामा नये.

आधी दिसणं

सेकंद कमवायचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे बघत राहणं. दर दोन-तीन मिनिटांनी उभ्या जागी एक पूर्ण गिरकी घेऊन चारही बाजूंचं क्षितिज पाहायचं. शीड लांबून दिसतं. रात्री जहाजावरचे कंदील दिसतात. हेच उलटंही खरं आहे : तुमचे कंदीलही त्याला दिसतात. रात्री चोरपावलांनी जायचं असेल तर जहाजावरचे सगळे कंदील विझवा. दुर्बीण लावलीत तर तिची काच चमकते आणि ती लांबूनही कळते, तेव्हा लपून बसायचं असेल तर दुर्बिणीतून एकटक पाहत राहू नका.

आकाशातही माहिती लिहिलेली असते. कवटीच्या आकाराचा ढग म्हणजे तिथे सांगाड्यांचा (हे खेळानेच चालवलेले शत्रू) किल्ला चालू आहे. जहाजाच्या आकाराचा ढग म्हणजे सांगाड्यांचा ताफा. हे ढग सगळ्यांना दिसतात. तुम्ही किल्ला लढत असाल तर समुद्रावरच्या प्रत्येकाला ठाऊक असतं की थोड्या वेळात इथे मोठा खजिना निघणार. तेव्हा तिथे एक माणूस लढाई सोडून फक्त क्षितिज राखायला ठेवा. एक तलवार कमी पडली तर पडू दे.

दिसलेलं जहाज तुमच्या मागे आहे की सहज त्याच वाटेने चाललंय, हे कसं ओळखायचं? थोडी दिशा बदलून पाहा. त्यानेही बदलली, पुन्हा बदलली तर पुन्हा बदलली, तर तो तुमच्यासाठीच येतोय. आम्ही दोनदा वळून पाहतो. दुसऱ्या वळणानंतर शंका उरत नाही.

नांगर

बेटाजवळ थांबताना नांगर टाकू नका. हा एक सल्ला पाळलात तरी तुमची निम्मी जहाजं वाचतील, असं मी अनुभवाने सांगते.

नांगर टाकायला क्षण लागतो, वर घ्यायला मात्र फार वेळ लागतो, आणि माणसं कमी असतील तर आणखीच. हल्ला होतो तेव्हा तो वेळ नसतो. म्हणून बेट जवळ आलं की आधी शिडं पूर्ण गुंडाळायची. जहाज आपल्या वेगानेच हळूहळू थांबतं. नाळ मोकळ्या समुद्राकडे ठेवायची. मग पळायची वेळ आली की शीड सोडलं की निघालो. पहिल्यांदा करताना अंदाज चुकतो, जहाज किनाऱ्यावर घासतं, एखादं भोकही पडतं. आठ-दहा वेळा केलं की शिडं कुठे गुंडाळायची ते डोळ्यांना कळायला लागतं.

नांगर तरी मग कशाला हवा? वळायला. जोरात जाताना सुकाणू एका बाजूला पूर्ण फिरवायचं आणि नांगर सोडायचा : जहाज जागच्या जागी गर्रकन वळतं. मागे लागलेल्याच्या अंगावर अचानक तोफांची बाजू आणायची असेल तर हा डाव उत्तम. पण नांगर उचलायला माणूस त्या चाकाशी आधीच उभा हवा. एकट्याने स्लूपवर हे करू नये, असं माझं मत आहे. उभं राहिलेलं जहाज म्हणजे दुसऱ्याचा सराव.

वारा

आकाशात पांढऱ्या रेघा वाहताना दिसतात, तो वारा. शीड त्याच्याकडे वळवलं की ते फुगतं, फुगण्याचा आवाजही येतो, आणि वेग वाढतो.

पळून जायचं असेल तर वारा तुमचा सोबती आहे की त्याचा, हे आधी ठरवा. पाठचा वारा असला की गॅलियन आपल्या मोठाल्या शिडांच्या जोरावर स्लूपला सहज गाठते. समोरचा वारा असला की उलटं होतं : स्लूप सुटते आणि गॅलियन मागे रेंगाळते. म्हणून स्लूपवर असाल आणि मागे गॅलियन लागली, तर नाळ सरळ वाऱ्याच्या तोंडात घाला. खऱ्या समुद्रात शिडाचं जहाज थेट वाऱ्यावर चालवता येत नाही, नागमोडी जावं लागतं. दाभोळच्या खाडीत लहानपण गेलेल्या माझ्या भावाला हे पचायला बराच वेळ लागला. "असं होतच नाही," असं तो प्रत्येक वेळी म्हणायचा. खेळात होतं. एकदा आम्ही वीस मिनिटं वाऱ्याच्या तोंडावर पळत राहिलो. मागची गॅलियन हळूहळू बोटाएवढी झाली, मग ठिपका, मग वळून दुसरीकडे निघून गेली. एकही गोळा उडाला नाही. माझ्या लेखी तो आमचा सगळ्यात मोठा विजय आहे.

आता तोफांची ती गोष्ट. तोफा बाजूंना असतात, पुढे नाही, मागे नाही. सरळ तुमच्या मागे येणारं जहाज तुमच्यावर तोफ डागू शकत नाही. डागायची तर त्याला वळावं लागतं, आणि वळलं की अंतर वाढतं. म्हणून पळताना त्याला नेमकं आपल्या पाठीमागे ठेवा, बाजूला येऊ देऊ नका. लढायचं ठरवलंत तर हेच उलटं करा : त्याच्या पिछाडीच्या कोपऱ्यात शिरा, जिथे त्याच्या तोफा पोचत नाहीत आणि तुमची मात्र पोचते. नेम डेकवर न धरता खाली, पाण्याच्या रेषेवर धरा. समोरच्याचा हौद भरायला लागला की त्यांची माणसं तोफा सोडून खाली पळतात, आणि जितका वेळ ती खाली आहेत तितका वेळ तुमच्यावर मारा होत नाही. पुष्कळदा जहाज राखायचा सगळ्यात चांगला मार्ग हाच ठरतो.

हल्ल्याचा क्रम

इथे मला कोकण किनाऱ्याची एक खरी गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. कान्होजी आंग्र्यांच्या आणि त्यांच्यानंतरच्या काळातलं मराठी आरमार मोठ्या युरोपीय जहाजाला कसं गाठायचं, त्याची वर्णनं इंग्रजांनीच लिहून ठेवली आहेत. वल्ह्यांची हलकी गलबतं गुराबांना, म्हणजे तोफांच्या मोठ्या जहाजांना, ओढत नेत आणि शक्यतो जहाजाच्या पिछाडीकडून येत. आधी मारा डोलकाठ्या आणि दोरखंडांवर. जहाज लंगडं झालं की जवळ जाऊन चहूबाजूंनी तोफा. तरीही ते शरण आलं नाही, तर गलबतांतून माणसं भरून वर चढायची. पिछाडी, डोलकाठी, मग चढाई. 'सी ऑफ थीव्हज'मधले तरबेज खेळाडू याच क्रमाने येतात. तेव्हा राखायचं तेही याच क्रमाने.

डोलकाठी पाडायला साखळीचा गोळा असतो, दोन गोळे साखळीने जोडलेले. त्याच्या एका नेमक्या फटक्यात डोलकाठी कोसळू शकते. स्लूपला तर एकच डोलकाठी, म्हणजे पळायची आशा तिथेच संपते. पडलेली डोलकाठी दोर ओढून उभी करता येते आणि मग फळ्यांनी पक्की करावी लागते. अशा वेळी तळात पाणी किती आहे ते आधी पाहा. पाणी कमी असेल तर डोलकाठी आधी, कारण हललात तर पुढचे गोळे चुकतील. पाणी जास्त असेल तर विचारच नको, खाली जा. सुकाणू आणि नांगराचं चाकही फुटतं आणि तेही फळ्यांनीच दुरुस्त होतं. फुटलेलं सुकाणू नीट वळत नाही, आणि गोंधळात हे लक्षातच येत नाही. आगीचा गोळा पडला तर बादलीत पाणी भरून विझवा. तळात साचलेलं पाणी अशा वेळी चांगलंच कामाला येतं.

मग चढाई. समोरचा एक माणूस तोफेत बसून उडतो किंवा पोहत येतो आणि तुमच्या जहाजाच्या बाजूला लटकणाऱ्या लॅडरने वर चढतो. (आम्ही बोलताना मुद्दाम 'लॅडर'च म्हणतो. 'शीड' आणि 'शिडी' यांची लढाईत गल्लत होते, आणि 'सेल' म्हटलं की विकायचं की शीड ओढायचं तेही कळत नाही. शब्द आधी ठरवून ठेवा, त्यातही सेकंद वाचतात.) वर आला की तो काय करतो? बहुतेक वेळा तुमच्याशी लढतही बसत नाही. धावत जाऊन तुमचा नांगर सोडतो. जहाज थांबतं आणि त्याचे साथीदार निवांत तोफा चालवतात. एक माणूस, एक सेकंद, आणि तुमचं जहाज अडकलं.

म्हणून गोळीबारापेक्षा पाण्यातल्या 'छपाक'कडे कान ठेवा. लॅडरवर कोणी चढत असेल तर त्याचा आवाज येतो. लॅडरच्या वर ब्लंडरबस, म्हणजे जवळून एका फटक्यात उडवणारी बंदूक, घेऊन उभं राहा. चढणारा माणूस हातांनी लॅडर धरून असतो, त्याला हत्यार काढता येत नाही. तेवढ्यात त्याला उडवायचं. समोरचं जहाज लांब दिसत असतानाही त्यांच्या डेकवर माणसं मोजा. तिघांचं जहाज आणि डेकवर दोनच दिसत असतील, तर तिसरा पाण्यात आहे आणि तुमच्याच दिशेने येतोय.

कधी कधी तो लढायला आलेलाच नसतो. जहाजावरच्या एखाद्या कोपऱ्यात अंग चोरून बसतो आणि तुम्ही मोठा खजिना भरेपर्यंत वाट पाहतो. कुठल्याही बंदरावरून निघताना जहाजाची एक फेरी मारायची सवय ठेवा : तळमजला, टेहळणीची टोपली, पिछाडी. तोफेच्या दारूचा पिंप जहाजाच्या पोटात ठेवू नका. कोणीतरी त्यावर एक गोळी झाडली तर सगळी भोकं एकदम पडतात. ठेवायचाच असेल तर वर टेहळणीच्या टोपलीत ठेवा, तिथे फुटला तरी तळ शाबूत राहतो.

झेंडा आणि बंदर

एखाद्या व्यापारी मंडळाचा दूत म्हणून झेंडा लावला की कमाई वाढते. दर्जा पाचव्या पायरीला पोचला की मोबदला अडीच पट होतो. पण तोच झेंडा तुम्हाला शिकारही बनवतो. रीपर्स बोन्स नावाच्या टोळीचा झेंडा लावून पाचव्या पायरीला पोचलेल्या जहाजाला बाकी सगळी झेंडेवाली जहाजं नकाशावर दिसतात. बदल्यात रीपरचं जहाज सगळ्यांना नकाशावर दिसतं. तेव्हा झेंडा लावलात तर क्षितिजाइतक्याच वेळा नकाशाही पाहा. ती लाल खूण तुमच्याकडे सरकायला लागली की तुम्हाला मिनिटं मिळतात, सेकंद नाही. दोघंच खेळत असाल आणि थकलेले असाल तर झेंडा लावूच नका, असं मी म्हणेन.

आणि विका. वारंवार विका. आम्हाला त्या रात्री अडीच तासांची कमाई एकदम घालवावी लागली, कारण वाटेत दोन बंदरं लागली आणि दोन्ही वेळा आम्ही म्हणालो, "अजून एक बेट करू आणि मग जाऊ." रिकामं जहाज बुडालं तर काही जात नाही. बंदरात शिरताना आधी चारही बाजू पाहा, जहाज बाहेरच्या दिशेला तोंड करून थांबवा, आणि सगळ्यात महागडी वस्तू आधी उचला. नेहमी हातात येते ती जवळची पेटी, आणि महागडी तळात राहून जाते. स्वतःच्या नावाचं, कप्तानीचं जहाज असेल तर सॉव्हरिन्स नावाच्या खरेदीदारांकडे एकाच ठिकाणी सगळं विकता येतं, चार दुकानांत धावावं लागत नाही. त्यात जो वेळ वाचतो, तोच विक्रीच्या वेळी हल्ला झाला तर उपयोगी पडतो.

दुसऱ्या टोळीशी युती करता येते, दोघांच्या विक्रीत एकमेकांना वाटा मिळतो. युती मोडायला मात्र काहीच लागत नाही. युती करावी, पण आपल्या जहाजावर त्यांना एकटं सोडू नये.

एकट्याने खेळणाऱ्यांसाठी वेगळं सांगायला हवं. एकटे असाल तर स्लूपवर तुम्हीच सुकाणू, तुम्हीच तोफ, तुम्हीच बादली. अशा वेळी लढाई जिंकायच्या नादी लागू नका. वाऱ्याच्या तोंडावर पळा, धुकं दिसलं तर त्यात शिरा, बेटांच्या आडून जा. पाठलाग करणाऱ्यालाही आपला वेळ घालवायचा नसतो, आणि वीस मिनिटांत काही हाती लागलं नाही की बहुतेक जण परत फिरतात. खिशात कायम फळ्या आणि खायला अननस ठेवा. पिंपापर्यंत धावायचा वेळही हिशोबात असतो.

सरावासाठी दोन जागा आहेत. डिसेंबर 2023 पासून 'सेफर सीज' नावाचा वेगळा समुद्र आहे, तिथे फक्त तुमचीच टोळी असते, मोबदला कमी मिळतो. नांगराशिवाय थांबणं, शिडं वळवणं, बादलीची ती गिरकी हे सगळं तिथे शांतपणे शिका. आणि लढाईची भीती घालवायची असेल तर नोव्हेंबर 2022 मध्ये आलेलं वाळूचं घड्याळ आहे. ते उलटं केलं की तुमच्यासारखंच लढायला तयार असलेलं जहाज समोर येतं. जहाजावर खजिना नसेल तर गमावण्यासारखं फारसं काही नसतं. आम्ही तिथे सलग अकरा वेळा हरलो आणि त्यातून जेवढं शिकलो तेवढं वर्षभरात शिकलो नव्हतो.

एवढं सगळं करूनही जहाज बुडेल. पाणी डेकला टेकलं आणि आता वाचत नाही हे कळलं, की फळी ठोकणं सोडा. सगळ्यात महागडी एक वस्तू उचला आणि पाण्यात उडी मारा. छोटी होडी बांधलेली असेल तर ती आधी सोडून ठेवा आणि त्यात ती वस्तू टाका. समोरचे तरंगत्या पेट्या गोळा करण्यात गुंतलेले असतात, त्यांना एका होडीकडे बघायला फुरसत नसते. बेटाच्या दिशेने गुपचूप वल्हवत जा. जहाज बुडालं की थोड्या वेळात जवळ जलपरी दिसते. तिच्याकडे गेलात की दुसऱ्या एखाद्या बेटाजवळ तुमचं नवं जहाज तुम्हाला मिळतं, मोजक्या गोळ्या-फळ्यांसकट. पण होडीत माल असेल तर जलपरीला हात लावू नका, तिच्यासोबत खजिना जात नाही. गेल्या पावसाळ्यात असंच एकदा मी वल्हवत बसले आणि भाऊ जलपरीने पुढे गेला. नवं जहाज घेऊन तो मला शोधत आला. अंधारात कंदील विझवलेली त्याची स्लूप दिसली तेव्हा होडीत एकच पेटी होती. ती आम्ही वाटेतल्या पहिल्या बंदरावर विकली.